उष्णता कृती आराखडा (खानदेश)

जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत उन्हाळ्याआधीची तयारी आणि लाटेच्या दिवसांतली कामे कोणी, केव्हा करायची हे ठरवणारा प्रशासकीय आराखडा. देशात याची सुरुवात अहमदाबादेत झाली; मे 2010 च्या लाटेत तिथे मृत्यू वाढल्यावर महापालिकेने 2013 मध्ये आराखडा केला. जिल्ह्यात त्याला आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, 2005 चा आधार असतो आणि सूत्रे जिल्हाधिकाऱ्यांकडे असतात.

हवामान विभागाच्या निकषानुसार मैदानी भागात कमाल तापमान किमान 40 अंश सेल्सिअस आणि सरासरीपेक्षा 4.5 अंशांनी जास्त असेल, तर ती उष्णतेची लाट. सरासरी काहीही असो, 45 ला लाट आणि 47 ला तीव्र लाट मानतात. तापी खोऱ्यात मे महिन्याची सरासरीच 42 च्या आसपास असते. त्यामुळे 4.5 चा फरक पडायला पारा 46 च्या पुढे जावा लागतो आणि व्यवहारात 45 चाच निकष आधी लागू होतो. 43-44 चे सलग आठ दिवस मात्र कागदावर लाट ठरत नाहीत. पत्र्याच्या घरात राहणाऱ्याला रात्रीही उसंत मिळत नाही (जुनी धाब्याची घरे या बाबतीत बरी). केवळ लाल-नारिंगी इशाऱ्याची वाट पाहणारा आराखडा इथे उशिरा जागा होतो.

कामाच्या वेळा बदलणे हा सर्वांत परिणामकारक उपाय, आणि तोच अमलात आणणे सर्वांत अवघड. मे 2024 मध्ये जळगाव जिल्ह्यात कलम 144 खाली दुपारच्या उघड्यावरील मजुरीवर आणि खासगी शिकवण्यांच्या वेळांवर निर्बंध आले होते. रोजंदारी बुडणार असेल, तर केळीच्या बागेतला मजूर आदेश पाळू शकत नाही. म्हणून पहाटे काम सुरू करण्याची सोय आणि पूर्ण मजुरी यांची सांगड घालावी लागते. पाणपोईची टाकी उन्हात ठेवली की दुपारी पाणी पिववत नाही. सावलीतले रांजण बरे.

ग्रामीण रुग्णालयातल्या शीतकक्षात बर्फ, पंखा, ताडपत्री आणि गुदद्वारातून तापमान घेण्याचा तापमापक हवा, कारण काखेतला आकडा कमी दिसतो. ताप 40 च्या वर आणि रुग्ण बरळतो किंवा शुद्ध हरपते, तर तो उष्माघात. आधी गार करायचे, मग हलवायचे: ताडपत्रीच्या झोळीत बर्फाचे पाणी घालून त्यात झोपवावे, नाहीतर अंग भिजवून पंखा लावावा. अर्ध्या तासात तापमान 39 च्या खाली यायला हवे. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही, आणि शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. शुद्धीवर असलेल्या, थकलेल्या माणसाला ओआरएस द्यावे. एक मोठे पाकीट एक लिटर पाण्यात. तेच पेलाभर पाण्यात कालवून देणे ही नेहमीची चूक. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून दवाखाना दूर, म्हणून हे सगळे आशा कार्यकर्तीला आधीच शिकवावे लागते.

पैशांची अडचण वेगळीच. 2021-26 या काळातल्या आपत्ती निधीच्या केंद्रीय यादीत शीतलहर होती, उष्णतेची लाट नव्हती. राज्याला स्थानिक आपत्ती म्हणून निधीच्या 10 टक्क्यांपर्यंत खर्च करता येत असे.

जूनमध्ये पारा 40 च्या खाली उतरला की आराखडा ढिला पडतो. तेव्हा हवा दमट झालेली असते, घाम वाळत नाही, कूलर नुसता ओलावा फेकतो आणि पेरणीसाठी माणसे दिवसभर रानात असतात. शीतकक्ष पाऊस नीट बसेपर्यंत उघडा ठेवावा लागतो.