जनगणना की कोतवाल बुक? खान्देशात आडनाव शोधताना होणारी गल्लत

पणजोबांचं आडनाव जुन्या जनगणनेत मिळेल का, असं विचारणारे धुळे-जळगावकडे बरेच भेटतात. नाही मिळणार. त्यांना खरं तर कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूची नोंदवही, हवं असतं. दोन्ही सरकारी, दोन्ही जुनी, दोन्हींत जातीची नोंद, म्हणून गल्लत होते.

जनगणनेचं काम माणसं मोजण्याचं. मुंबई इलाख्यात ती 1872 मध्ये झाली आणि 1881 पासून दर दहा वर्षांनी होत गेली. प्रगणक घरोघरी नावं लिहून घेत, पण छापून आले ते तक्ते: अमुक जातीचे पुरुष इतके, बायका इतक्या. सविस्तर जातवार तक्ते 1931 पर्यंतचे. घरवार कागद तक्ते झाल्यावर जपलेच नाहीत, आणि 1948 च्या जनगणना कायद्याचं कलम 15 पुढच्या जनगणनांमधली वैयक्तिक माहिती कुणालाही पाहू देत नाही. म्हणजे पणजोबा तिथे एक आकडा आहेत, बस.

कोतवाल बुक म्हणजे सरकारी दप्तरातला गाव नमुना नंबर 14. तहसीलच्या अभिलेख कक्षात कोर्ट फी तिकीट लावून अर्ज केला की नक्कल मिळते, पान शाबूत असेल तर. जुनी पानं मोडीत, तेव्हा वाचणारा सोबत हवा. ओबीसी जात पडताळणीला 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो, तिथे हीच नक्कल कामाला येते.

पण इथेही आडनावाच्या मागे लागलात तर फसाल. नोंद असते ती ‘धोंडू वल्द राघो, कुणबी’ अशी, म्हणजे राघोचा मुलगा धोंडू. आडनाव नाहीच! शिवाय आपल्याकडे पाटील हे मुळात वतनाचं नाव, त्यामुळे मराठा, लेवा, गुजर सगळेच पाटील. चौधरी लेव्यांतही, तेल्यांतही; महाजन लेव्यांतही, माळ्यांतही. म्हणून गाव, जात आणि बापाचं नाव धरून मागे जायचं. आजोबांच्या मृत्यूच्या नोंदीत त्यांच्या वडिलांचं नाव मिळतं, तिथून पुढची कडी. जन्माच्या नोंदीत पुष्कळदा बाळाला नावच नसतं, नुसतं ‘मुलगा’, कारण बारशाआधीच कोतवालाने लिहून टाकलेलं. मग शाळेच्या जनरल रजिस्टरातली जन्मतारीख ताडून बघावी लागते.

दुसरी अडचण गाव कुठल्या दप्तरात, ही. 1906 मध्ये खान्देशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. नंदुरबार 1998 पर्यंत धुळ्यात होता. सावदा एके काळी तालुका होता, आज रावेर तालुक्यातलं गाव आहे. मुक्ताईनगरचं जुनं नाव एदलाबाद. जनगणना उपयोगी पडते ती इथे: 1951 च्या जिल्हा पुस्तिकेत तालुकावार गावांची यादी आहे. त्यात आपलं गाव शोधायचं, तेव्हाचा तालुका टिपून घ्यायचा आणि नकलेच्या अर्जात आजच्या तालुक्यासोबत तोही लिहायचा.