नाटक नाही, लकवाही नाही

कापूस वेचणीच्या दिवसांत एखाद्या बाईची मान एका बाजूला ओढू लागली, की आमच्या विदर्भातल्या गावांत आधी ‘ओझ्यानं लचकली’ म्हणतात. मालिश होते, शेक होतो. महिना उलटूनही फरक पडत नाही, मग कुणी लकव्याचं औषध सांगतं, कुणी ‘बाहेरचं’ बघायला नेतं. पण लकव्यात स्नायू ढिला पडतो; इथे तो नको तितका आवळतो, कारण मेंदूकडून चुकीचे हुकूम सुटत राहतात. हा सर्वायकल डिस्टोनिया. डोळ्यांभोवतीचे स्नायू असे आवळले, तर नजर चांगली असूनही पापण्या मिटून राहतात आणि रस्ता ओलांडणं अवघड होतं.

या आजाराची एक खूण रुग्णाच्याच मुळावर येते. हनुवटीला नुसतं बोट लावलं, की अनेकांची मान थोडा वेळ सरळ होते. झोपेत तर ओढ बहुधा थांबतेच. घरच्यांना वाटतं, सोंग करते. त्याच खुणेवरून डॉक्टरला मात्र निदान सापडतं. अशा बाईला नाटकी म्हणणं हा तिच्यावर दुहेरी अन्याय आहे.

उपचाराचं मुख्य औषध म्हणजे बोटुलिनम टॉक्सिन, एका जीवाणूचं जहाल विष. नसेच्या टोकातून अॅसिटिलकोलीन हे रसायन सुटलं की स्नायू आकुंचन पावतो; हे विष ते सुटूच देत नाही. अमेरिकेतले नेत्रतज्ज्ञ अॅलन स्कॉट यांनी ते तिरळेपणासाठी वापरून पाहिलं. तिथे 1989 मध्ये तिरळेपणा आणि पापण्या आवळण्याच्या त्रासासाठी, तर 2000 मध्ये मानेच्या डिस्टोनियासाठी त्याला मान्यता मिळाली. अत्यंत सूक्ष्म मात्रा नेमक्या स्नायूत टोचतात, म्हणून ते जाणकार न्यूरोलॉजिस्टकडूनच घ्यावं.

गुण काही दिवसांनी दिसू लागतो आणि साधारण तीन महिने टिकतो. नसेची टोकं पुन्हा काम करू लागली, की ओढ परत येते. औषध फसलं असा त्याचा अर्थ नाही. आजार मुळातून जात नसल्यानं इंजेक्शन पुन्हा घ्यावं लागतं. नागपूरच्या फेरीचं भाडं आणि बुडणारी मजुरी धरून पुढची तारीख आधीच ठरवलेली बरी. डोळ्यांभोवती इंजेक्शन घेतल्यावर पापणी काही आठवडे लोंबू शकते. इंजेक्शननंतर गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर तारखेची वाट न बघता दवाखाना गाठावा.

उलटीच्या इंजेक्शननंतर एक-दोन दिवसांत मान किंवा जबडा वाकडा झाला, तर तो वेगळा प्रकार. आरोग्य केंद्रात जाऊन कोणतं औषध घेतलं ते सांगावं. उताऱ्याच्या इंजेक्शननं तो बहुधा लवकरच उतरतो.