टीव्ही दिसतो, मग संगणक का दिसत नाही?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, प्रोसेसरही बऱ्यापैकी नवा लागतो. त्यामुळे आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेले, अजून ठणठणीत असलेले संगणक एकदम म्हातारे ठरले. काही भंगारात गेले, काहींवर घरातल्या कॉलेजवाल्या पोराने विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. चांगलंच केलं. पण मग घरात एक लॅपटॉप विंडोज ११चा, एक डेस्कटॉप लिनक्सचा आणि शनिवार-रविवार पुण्याहून येणाऱ्या मुलीचा मॅक, असं त्रिकूट जमतं आणि आठवड्याभरात तक्रार सुरू होते, याच्यावरचे फोटो त्याच्यावर दिसत नाहीत म्हणून.

साताऱ्यात यावर सर्रास ऐकू येणारं उत्तर असं: "विंडोज आणि लिनक्सचं जमत नाही हो, दोन्हीकडे विंडोजच टाका." पत्रिका जुळत नाही म्हणून स्थळ नाकारावं तितक्या खात्रीने हे सांगितलं जातं. आणि ते साफ चुकीचं आहे.

फाइली एकमेकांना देण्यासाठी हे तिघेही एकच भाषा बोलतात. तिचं नाव एसएमबी. ती १९८०च्या दशकात आयबीएममध्ये जन्मली आणि मायक्रोसॉफ्टने वाढवली. १९९१च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्याने तारेवरून जाणारी पॅकेट्स, म्हणजे माहितीचे छोटे गठ्ठे, नुसती निरखून, हातात कुठलंही अधिकृत वर्णन नसताना, तिचा युनिक्ससाठी, म्हणजे लिनक्सच्या पूर्वजासाठी, सर्व्हर लिहायला घेतला. त्यातून पुढे सांबा हा मुक्त प्रोग्रॅम उभा राहिला आणि आज लिनक्सवर तोच वापरतात. ॲपलनेही २०१३च्या मॅव्हरिक्सपासून मॅक ते मॅक देवाणघेवाणीसाठी आपली जुनी पद्धत मागे ठेवून एसएमबीलाच पहिला मान दिला. मग अडतं कुठे?

शाहूपुरीतल्या एका निवृत्त शिक्षकांच्या घरी हा पेच अगदी स्वच्छ पाहायला मिळाला. लॅपटॉपवर 'नेटवर्क' उघडलेलं. सर म्हणाले, "अरे, टीव्ही दिसतोय, वरच्या मजल्यावरचा प्रिंटर दिसतोय. हा हाताशी असलेला संगणक तेवढा दिसत नाही. काय समजायचं यातून?" लिनक्सच्या डेस्कटॉपचा नेटवर्कवरचा पत्ता (आयपी ॲड्रेस) पाहिला, तो १९२.१६८.१.१४ निघाला. लॅपटॉपवर एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत दोन बॅकस्लॅश देऊन तो पत्ता टाइप केला. पासवर्डची चौकट आली, पासवर्ड दिला, फोल्डर उघडला. नातवाच्या मुंजीचे फोटो जिथल्या तिथे होते. 'नेटवर्क'मध्ये मात्र संगणक अजूनही गायबच.

म्हणजे पोहोचता येतं, पण दिसत नाही. ही दोन वेगळी कामं आहेत. पोहोचायला पत्ता लागतो. दिसायला, कुणीतरी आधी विचारावं लागतं की "इथे कोण कोण आहे?" आणि समोरच्याला तो प्रश्न कळावा लागतो. फाइलींची भाषा एक असली तरी हजेरी घेण्याच्या भाषा तीन आहेत. सगळी गंमत तिथेच आहे.

सगळ्यात जुनी पद्धत नेटबायोसची. सायटेक कंपनीने ती आयबीएमच्या पीसी नेटवर्कसाठी केली, आणि १९८७मध्ये ती इंटरनेटच्या पॅकेट्सवर कशी बसवायची याचा मसुदा ठरला. यात प्रत्येक यंत्राला १६ बाइटांचं नाव असतं. त्यातले १५ तुमचे. सोळावा बाइट हे यंत्र काय काम करतं ते सांगतो. विंडोजमध्ये संगणकाचं नाव १५ अक्षरांच्या पुढे गेलं की अजूनही कुरकुर होते, ती या सोळाव्या बाइटामुळे.

नाव शोधायचं म्हणजे नेटवर्कवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं एक पॅकेट सोडायचं: "सातारा नावाचा फाइल सर्व्हर कोण?" पण हे पॅकेट डीएनएस या नावावरून पत्ता सांगणाऱ्या पद्धतीच्या साच्यात कोंबायचं होतं आणि त्या साच्यात वाटेल तो बाइट चालत नव्हता. म्हणून प्रत्येक बाइटाचे चार-चार बिटांचे दोन तुकडे करायचे आणि दर तुकड्यात 'ए' या अक्षराचा क्रमांक मिळवायचा, अशी युक्ती काढली. इंग्रजी 'एस'चा क्रमांक सोळाच्या (हेक्साडेसिमल) पद्धतीत ५३. पाचाचा झाला 'एफ', तिनाचा 'डी'. 'ए' म्हणजे ४१, त्याचं 'ईबी'. 'टी' म्हणजे ५४, 'एफई'. 'आर' म्हणजे ५२, 'एफसी'. तर आपलं सहा अक्षरी सातारा तारेवरून जाताना एफडी-ईबी-एफई-ईबी-एफसी-ईबी असं जातं. पुढच्या नऊ मोकळ्या जागा म्हणजे नऊ वेळा 'सीए', कारण मोकळ्या जागेचा क्रमांक २०. आणि फाइल सर्व्हरचा सोळावा बाइटही नेमका २०, म्हणून आणखी एक 'सीए'. एकूण ३२ अक्षरं. वायरशार्क या पॅकेट्स पाहण्याच्या प्रोग्रॅममध्ये कच्चे बाइट उघडून ही 'सीए, सीए, सीए'ची रांग एकदा पाहाच.

आता हजेरीची यादी. प्रत्येकाने दरवेळी सगळ्यांना विचारत बसलं तर गोंगाट होईल, म्हणून यादी सांभाळायला एक मुख्य नेमायचा. तो नेमायचा कसा? निवडणुकीने! हे मी अलंकारिक बोलत नाही, पॅकेटचं नावच तसं आहे. एक यंत्र आपली पात्रता जाहीर करतं: माझी ऑपरेटिंग सिस्टीम कुठली, भूमिका काय, किती वेळ चालू आहे. ज्याची पात्रता जास्त तो उलट जाहीर करतो, ज्याची कमी तो गप्प बसतो. सगळं बरोबरीत सुटलं तर नावाचा अक्षरक्रम. सांबामध्ये 'ओएस लेव्हल' नावाचा आकडा आहे, ० ते २५५. मुळात तो २० असतो आणि घरगुती विंडोजला हरवायला तेवढा पुरतो. ६५ केला की विंडोज एनटीचा डोमेन (ऑफिसभरचे संगणक आणि पासवर्ड) सांभाळणारा सर्व्हरही हरायचा. म्हणजे ज्या लिनक्सचं विंडोजशी 'जमत नाही' म्हणतात, तोच कित्येक ऑफिसांत विंडोजवाल्यांची हजेरी घेत बसलेला असे.

निवडून आलेल्याकडे बाकीचे आपली हजेरी लावत. सुरुवातीला मिनिटामिनिटाला, मग अंतर वाढवत दर १२ मिनिटांनी. लागोपाठ तीन हजेऱ्या चुकल्या तरच नाव कापलं जाई, म्हणजे बंद केलेला संगणक ३६ मिनिटांपर्यंत यादीत दिसत राही. यादीची प्रत ठेवणारे राखीव संगणक ती दर १५ मिनिटांनी नवी करत, त्यामुळे तिथे हे ५१ मिनिटांपर्यंत लांबे.

आता बघा यातून काय झालं असेल. संगणक दिसत नाही. कुणी केबल काढून परत लावली, कुणी राउटर बंद-चालू केला, कुणी आणखी काही. दहा मिनिटांनी संगणक दिसला. खरं तर हजेरीची वेळ आली होती, एवढंच. पण शेवटी जे केलं त्यालाच गुण आला असं प्रत्येकाला वाटलं, आणि ज्याने त्याने आपापला तोडगा पुढच्याला सांगितला. कारण आणि परिणाम यांच्यात उशीर असला की तोडगे असेच जन्माला येतात, मग तो ताप असो की नेटवर्क. राउटर ईशान्य कोपऱ्यात ठेवा म्हणजे नेट चांगलं चालतं, असा सल्ला डॉ. दाभोळकरांच्या साताऱ्यातही मिळतो. राउटरला दिशा कळत नाही, भिंती कळतात. जुन्या दगडी घराच्या जाड भिंतीपलीकडे ५ गिगाहर्ट्झची लहर २.४पेक्षा लवकर दमते. घराच्या मध्यावर, उंचावर ठेवा. आठ अँटेनांच्या 'गेमिंग' राउटरचे पैसेही वाचतील.

तर हे निवडणुकांचं राज्य संपलं कसं? ते सगळं एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीवर टेकलेलं होतं. मे २०१७मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने त्याच आवृत्तीतल्या भोकातून जगभर घुसखोरी केली. ते भोक बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता, पण असंख्य संगणकांवर तो पोहोचलाच नव्हता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून विंडोज १०च्या नव्या प्रतींमध्ये एसएमबी १ मुळात येणं थांबलं. २०१९मध्ये सांबानेही तो डीफॉल्टने बंद केला. हजेरी घेणाराच गेला.

विंडोजने मग डब्ल्यूएस-डिस्कव्हरी ही पद्धत धरली: २३९.२५५.२५५.२५० या सामाईक पत्त्यावर, पोर्ट ३७०२ या ठरलेल्या क्रमांकावर हाक मारायची. मॅक आणि लिनक्सची वाट वेगळी. ते २२४.०.०.२५१वर, पोर्ट ५३५३वर हाक मारतात आणि त्यांच्या नावांना '.लोकल' असं शेपूट असतं. ॲपलने हे २००२मध्ये आणलं, लिनक्सवर तेच काम अवाही हा प्रोग्रॅम करतो. टीव्ही आणि प्रिंटर बनवणाऱ्यांना गिऱ्हाईक कुठलं येईल सांगता येत नाही, म्हणून ते बहुधा एकाहून जास्त पद्धतींनी उत्तर देतात. सांबा डब्ल्यूएस-डिस्कव्हरी बोलत नाही. विंडोज हाक मारतं, लिनक्सला ती आपल्यासाठी आहे हे कळतच नाही. सरांच्या घरात एवढंच घडत होतं. लिनक्सवर डब्ल्यूएसडीडी नावाचा छोटा प्रोग्रॅम टाकून सेवा म्हणून चालू केला की लिनक्सही त्या हाकेला ओ देतो.

यूट्यूबवर मात्र दुसराच उपाय फिरतो: 'विंडोज फीचर्समध्ये जाऊन एसएमबी १ चालू करा.' संगणक कदाचित दिसेलही, पण घराचं मागचं दार उघडं टाकून. हे करू नका.

पत्ता टाइप करूनही पोहोचता आलं नाही तर मात्र खालून वर तपासत जायचं. आधी दोघांचे पत्ते पाहा. पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही आणि संगणकाने स्वतःच एक घेतलाय. केबल किंवा वाय-फाय बघा. एकाचा १९२.१६८.१ आणि दुसऱ्याचा १९२.१६८.० असेल तर घरात दोन राउटर आहेत. फायबरवाल्याने बसवलेला एक आणि वरच्या मजल्यासाठी आपण आणलेला दुसरा, हे हल्ली फार होतं. दुसऱ्याला ॲक्सेस पॉइंट करून टाका, म्हणजे तो स्वतः पत्ते न वाटता नुसतं वाय-फाय देईल. लॅपटॉप पाहुण्यांच्या वाय-फायवर असेल तर तो बाकीच्यांपासून मुद्दाम वेगळा ठेवलेला असतो. विंडोजने तुमच्या घरच्या नेटवर्कला 'पब्लिक' समजलं असेल तर त्याची फायरवॉल फाइली मागायला आलेल्यांना दारातूनच परत पाठवते, पिंगला, म्हणजे 'आहेस का?' या साध्या हाकेलाही, बहुतेकदा उत्तर देत नाही. ते 'प्रायव्हेट' करा.

पासवर्ड बरोबर असूनही नाकारला जातो, हे सगळ्यात चीड आणणारं. लिनक्स आपल्या पासवर्डचं जे सांकेतिक रूप साठवतो ते वेगळ्या पद्धतीचं असतं आणि विंडोजच्या पद्धतीने ओळख पटवायला लागणारं रूप त्यातून काढताच येत नाही. म्हणून सांबाला स्वतःची वेगळी वही ठेवावी लागते, आणि त्यात पासवर्ड 'एसएमबीपासडब्ल्यूडी' या आज्ञेने एकदा स्वतंत्रपणे भरावा लागतो. विंडोजचा चार आकडी पिन तर इथे कधीच चालणार नाही. तो त्याच लॅपटॉपपुरता असतो, नेटवर्कवरून जातच नाही.

एक अडचण मात्र खास आपल्या लिपीची. 'साताऱ्याचे फोटो' या नावातला ऱ युनिकोड या अक्षरांच्या जागतिक क्रमांकपद्धतीत दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकच अखंड अक्षर, किंवा र आणि खालचा नुक्ता असे दोन तुकडे. २०१७च्या आधीच्या मॅकची डिस्क नावं तुकडे करून साठवायची. विंडोज आणि लिनक्स जे टाइप केलं ते तसंच ठेवतात, आणि ते बहुधा अखंड असतं. लिनक्सवर या नावाचा फोल्डर आधीच असताना अशा जुन्या मॅकवरून आरसिंक या फाइली नकलणाऱ्या प्रोग्रॅमने तिथे फोटो आणले तर शेजारी शेजारी 'साताऱ्याचे फोटो' नावाचे दोन फोल्डर उभे राहतात, डोळ्यांना तंतोतंत सारखे, आणि फोटो दोघांत विखुरलेले. विषाणू नाही, भानामतीही नाही. आरसिंकच्या तिसऱ्या आवृत्तीपासून 'आयकॉन्व्ह' हा पर्याय आहे; त्यात मॅकच्या बाजूला 'यूटीएफ-८-मॅक' आणि लिनक्सच्या बाजूला 'यूटीएफ-८' असं सांगितलं की नावं वाटेतच सांधली जातात. आधीच तुटून आलेल्या नावांसाठी लिनक्सवर कॉन्व्हएमव्ही हा नावं बदलणारा प्रोग्रॅम आहे. तो चालवण्याआधी फोटोंची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवा.