महाकाय भोपळ्याचे हस्तपरागण

स्पर्धेसाठी वाढवलेल्या महाकाय भोपळ्याच्या (कुकुर्बिटा मॅक्सिमा) मादी फुलावर निवडक नर फुलाचे पराग हाताने लावण्याची पद्धत. कॅनडा, अमेरिका, ब्रिटन, इटली इत्यादी देशांतील हौशी मंडळी परसबागेत ती वापरतात. मधमाश्यांवर सोपवले तरी भोपळा धरतोच. पण त्याचा बाप कोण ते कळत नाही आणि वेलीवर कुठे व केव्हा फळ धरावे हेही आपल्या हाती राहत नाही.

भोपळ्याच्या एकाच वेलीवर नर व मादी फुले वेगवेगळी येतात. लांब, बारीक देठाची नर फुले आधी दिसू लागतात. मादी फुलाच्या बुडाशी अंडाशयाची चिमुकली भोपळी असते. दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी आदल्या संध्याकाळीच टोकाशी पिवळी पडते. तेव्हाच मादी आणि नर कळ्यांची तोंडे दोऱ्याने बांधतात किंवा त्यांवर जाळीची पिशवी चढवतात. मधमाशी आधी पोचली तर सगळेच मुसळ केरात.

फूल पहाटे उमलते आणि दुपारपर्यंत कायमचे मिटते, म्हणून काम सकाळीच उरकतात. नर फूल तोडून पाकळ्या काढल्या की परागांनी माखलेला मधला दांडा मोकळा होतो. बोट लावताच पिवळी पूड हाताला यावी. हा दांडा मादी फुलातील कुक्षीच्या (पराग स्वीकारणाऱ्या मधल्या भागाच्या) प्रत्येक पाळीवर हलकेच फिरवतात. एका मादी फुलाला अनेक नर फुले वापरलेली बरी. इथे हात आखडून चालत नाही. आत शेकडो बीजांडे असतात आणि प्रत्येकाला स्वतंत्र परागकण लागतो. पराग कमी पडले तर फळ वेडेवाकडे वाढते किंवा गळते. मग फूल पुन्हा बांधून तारीख आणि नर वेलीचे नाव लिहिलेली चिठ्ठी जवळ लावतात.

फळाचे वय या तारखेपासून मोजतात. उत्तर गोलार्धात जूनअखेरीस किंवा जुलैच्या आरंभी परागण साधले, तर ऑक्टोबरच्या स्पर्धांपर्यंत पुरेसे दिवस मिळतात. कडक उन्हात कोवळी फळे गळतात, त्यामुळे त्यांवर सावली धरतात. दोन-तीन फळे धरवून अखेर वेलीवर एकच ठेवतात. ऐन भरात असे फळ दिवसाला २० किलोंनीही वाढते.

नराचे गुण त्या भोपळ्यात दिसत नाहीत. ते बियांत उतरतात आणि पुढच्या पिढीच्या फळांत प्रकट होतात. त्यामुळे हस्तपरागणाची खरी कमाई म्हणजे बी. बियांना भोपळ्याचे पौंडांतील वजन, बागकाराचे आडनाव व वर्ष यांवरून नाव देतात आणि सोबत आईबापांची नोंद ठेवतात. कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या विंडसरचे शेतकरी हॉवर्ड डिल यांनी निवड पद्धतीने ‘अटलांटिक जायंट’ हा वाण घडवला. त्यांचा १९८१ सालचा विक्रमी भोपळा ४९३.५ पौंडांचा (सुमारे २२४ किलो) होता. त्याच वाणाच्या वंशावळीतून इंग्लंडमधील इयन व स्टुअर्ट पेटन या जुळ्या भावांनी २०२५ मध्ये १,२७८.८ किलोंचा विक्रम केला. जाणून केलेल्या परागणाविना इतकी मजल गाठणे अशक्यच होते.

महाराष्ट्रात इतके मोठे भोपळे घेण्याची चाल नाही, पण गच्चीवरच्या बागेत मधमाश्या फिरकत नसतील तर लाल भोपळ्याला हीच रीत लागू पडते. दुधी आणि दोडक्याची फुले मात्र संध्याकाळी उमलतात. त्यांचे परागण तेव्हाच करावे लागते.