चित्रावर अंगठा ठेवा आणि मग वाचायला सांगा

पहिलीतला एक मुलगा शब्दांवर बोट फिरवत मोठ्यानं वाचत होता, "घोडा पळाला." पुस्तकात छापलं होतं, 'शिंगरू पळालं.' वर अर्ध्या पानाचं चित्र आणि त्यात शेपूट उडवत धावणारा एक तपकिरी प्राणी. शेजारी बसलेल्या बाईंनी त्याला शाबासकी दिली. त्यांच्या शिक्षक-पुस्तिकेत सूचनाच तशी होती : अर्थ जुळत असेल तर मुलाला अडवू नका.

या बाई म्हणजे माझी जुनी मैत्रीण. संध्याकाळी फोनवर म्हणाली, "अरे, शाबासकी दिली खरी, पण त्यानं वाचलं कुठं?"

पुढच्या वर्षासाठी वाचनाचा कुठला संच घ्यायचा, हे तिला ठरवायचं होतं. टेबलावर तीन संच होते, तिन्ही गुळगुळीत कागदाचे आणि तिन्हींवर 'मेंदूविज्ञानावर आधारित' असं ठसठशीत छापलेलं. मुखपृष्ठावर मेंदूचं रंगीत चित्र काढलं की आत काहीही खपतं, असा हा काळ आहे. मी तिला म्हटलं, मुखपृष्ठ राहू दे. मुलाला न येणारा शब्द समोर आला की त्यानं काय करायचं, याबद्दल पुस्तिका काय सांगते तेवढं बघ.

दोन संचांत उत्तर होतं : चित्र बघ, पहिलं अक्षर बघ, काय असेल याचा अंदाज बांध.

या सल्ल्याचं मूळ जुनं आहे. 1967 साली केन गुडमन या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञानं वाचन म्हणजे एक प्रकारचा अंदाजाचा खेळ आहे, असं मांडलं. सराईत वाचक सगळी अक्षरं बघत नाही, संदर्भावरून पुढचा शब्द ताडतो, असा त्याचा मुद्दा. ऐकायला पटतं. आपल्यालाही तसंच वाटतं, कारण आपलं वाचन इतकं झटपट होतं की आत काय चाललंय ते कळतच नाही. कीथ स्टॅनोविच आणि रिचर्ड वेस्ट या दोघा संशोधकांना ही कल्पना आवडली होती. ती सिद्ध करायला त्यांनी प्रयोग केले आणि निकाल उलटा आला. शब्द ओळखायला संदर्भाची काठी जास्त लागते ती कच्च्या वाचकाला. पक्का वाचक शब्द सरळ ओळखतो. डोळ्यांच्या हालचाली मोजणाऱ्या उपकरणांनीही तेच दाखवलं. वाचताना डोळे सरकत नाहीत, उड्या मारतात. प्रत्येक थांबा साधारण पाव सेकंदाचा असतो. बारीकसारीक शब्द सोडले तर बहुतेक शब्दांवर नजर टेकतेच.

मग हे 'सरळ ओळखणं' येतं कुठून? मला या सगळ्या विषयातला सर्वांत आवडता भाग हाच आहे, त्यामुळे इथे जरा रेंगाळतो.

लेखन जेमतेम पाच-साडेपाच हजार वर्षांचं आहे. उत्क्रांतीच्या हिशोबात ही कालची गोष्ट. म्हणजे वाचनासाठी वेगळा अवयव किंवा मेंदूत राखीव जागा तयार व्हायला वेळच मिळालेला नाही. बोलणं मूल ऐकून ऐकून उचलतं, वाचन तसं उचलत नाही. तरीही वाचायला शिकलेल्या माणसाच्या मेंदूत, डाव्या बाजूला, खाली आणि मागच्या अंगाला एक ठिकाण असतं, जे लिखित शब्द दिसला की जागं होतं. 1892 मध्ये देजेरीन या फ्रेंच डॉक्टरनं एका रुग्णाची हकीकत लिहून ठेवली. मेंदूच्या डाव्या मागच्या भागाला इजा झाल्यावर त्या गृहस्थाला लिहिता येत होतं, पण स्वतः लिहिलेलं वाचता येत नव्हतं! शंभरेक वर्षांनी स्तानिस्लास देहान आणि लोराँ कोएन या फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञांनी ही जागा स्कॅनमध्ये नेमकी दाखवली. 2010 मध्ये देहान यांच्या गटानं ब्राझील आणि पोर्तुगालमधल्या प्रौढांची तपासणी केली. काही जण कधीच शाळेत न गेलेले, काही मोठेपणी वाचायला शिकलेले, काही लहानपणीच शिकलेले. ज्याचं वाचन जितकं चांगलं, तितका त्या जागेचा अक्षरांना प्रतिसाद जास्त. ही जागा मुळात चेहरे, वस्तू यांच्यासारख्या गोष्टी ओळखण्याच्या कामातली आहे. वाचन तिथे पोटभाडेकरू म्हणून शिरतं. चिनी असो, रोमन असो, लिपी कुठलीही असली तरी पत्ता जवळपास तोच.

आता 'शिंगरू' घ्या. मूल अक्षरं लावतं : शिं, ग, रू. पण तोंडानं आपण 'शिं-ग-रू' म्हणतो का? म्हणतो 'शिंग्रू'. लिहिलेला 'ग' पूर्ण, बोललेला अर्धा. शिवाय 'शि'मध्ये वेलांटी डोळ्यांना आधी दिसते आणि तिचा आवाज येतो 'श्'च्या नंतर. त्या टिंबाचा इथला आवाज म्हणजे 'ङ्'. म्हणजे तीन अक्षरांच्या मागे सहा ध्वनी आहेत : श्, इ, ङ्, ग्, र्, ऊ. मूल आधी ओबडधोबड 'शिं-ग-रू' म्हणतं आणि तो शब्द कानावरून गेलेला असेल तर एकदम उजेड पडतो, "शिंग्रू!" त्या क्षणी त्या खुणा त्या आवाजांना चिकटतात आणि आवाज अर्थाला. लिनिया एरी या संशोधिकेनं या चिकटवण्याचा आयुष्यभर अभ्यास केला. असं काही वेळा झालं की शब्द नजरेच्या एका थांब्यात ओळखू येतो. बघणाऱ्याला वाटतं, मुलानं शब्दाचं चित्र पाठ केलं. तसं नसतं. चित्र पाठ असतं तर छापील टाइप बदलल्यावर किंवा फळ्यावरच्या तिरक्या अक्षरात तोच शब्द आल्यावर आपण अडखळलो असतो.

डेव्हिड शेअर यांनी 1995 मध्ये यापुढचं पाऊल मांडलं. मूल जितक्या वेळा अनोळखी शब्द स्वतः अक्षरं लावून सोडवतं, तितक्या वेळा ते स्वतःलाच शिकवत असतं. ज्या मुलानं चित्र बघून 'घोडा' म्हटलं, त्याच्या खात्यात त्या दिवशी काहीच जमा झालं नाही. नजर चित्रावरून थेट तोंडाकडे गेली, मधलं 'शिंगरू' कोरंच राहिलं.

ज्यांना तपशील हवा त्यांच्यासाठी आणखी एक : 2015 मध्ये योंचेवा, मॅककँडलिस आणि सहकाऱ्यांनी प्रौढांना एक बनावट लिपी शिकवली. काही शब्द खूण-ध्वनी जोडून, काही अख्खे शब्द म्हणून. नंतर ते शब्द दाखवून मेंदूतले विद्युत संकेत मोजले. शब्द दिसल्यावर सेकंदाच्या साधारण सहाव्या हिश्श्यात उमटणारी लाट पहिल्या प्रकारच्या शब्दांना डावीकडे झुकलेली होती, दुसऱ्या प्रकारच्या शब्दांना उजवीकडे. सराईत वाचकाची लाट डावीकडे झुकते. प्रयोग छोटा आहे, मुलांवर नाही, त्यावर इमले बांधू नयेत. पण मला तो फार देखणा वाटतो.

"हे फोनिक्सचं, म्हणजे अक्षराला आवाज जोडून वाचायला शिकवण्याचं खूळ इंग्रजीसाठी, आपली लिपी जसं लिहितो तसं वाचतो," असं मराठीत हमखास ऐकू येतं. मग 'चार' आणि 'चाक' म्हणून बघा, 'च' एकच आहे का? 'जग मोठं आहे' आणि 'मनासारखं जग' यांतला 'जग' वाचून बघा. इथे संदर्भ लागतोच, पण अक्षरं लावून झाल्यावर. त्यात काना-मात्रा-वेलांट्या आणि जोडाक्षरं धरली तर मुलाला शेकडो आकृत्या ओळखाव्या लागतात. अशा अक्षरलिप्यांचं शिक्षण पहिलीत संपत नाही, काही वर्षं चालतं, हे सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांवरच्या अभ्यासातून दाखवलं आहे.

म्हणून संच उघडला की अक्षरांचा क्रम बघावा. क, ख, ग, घ, ङ हा क्रम मुखातल्या उच्चारस्थानांप्रमाणे लावलेला आहे, ध्वनिशास्त्र म्हणून अप्रतिम. पण वाचायला शिकवण्यासाठी तो केलेलाच नाही. पहिली पाच अक्षरं शिकून हाती काय लागतं? 'खग'. कुठलं सहा वर्षांचं मूल पक्ष्याला खग म्हणतं? त्याऐवजी म, न, क, ल आणि काना एवढंच घेतलं तर नाक, कान, काम, मामा, काल, नकल, कमान असे शब्द तयार होतात आणि 'मामाला मका' हे वाक्यही. घ-ध, भ-म अशा एकसारख्या दिसणाऱ्या जोड्या एकाच आठवड्यात आणणारा संच मी तरी बाजूला ठेवीन. आणि मुलाच्या हातातल्या गोष्टींत शिकवून झालेलीच अक्षरं असावीत. अशा गोष्टी साहित्य म्हणून सुमार असतात, हे मान्य. सायकलच्या आधाराच्या चाकांचं कोणी सौंदर्य बघत नाही.

चांगलं साहित्य लागतंच, पण ते बाईंनी वाचून दाखवायचं. गॉफ आणि टनमर यांनी 1986 मध्ये एक साधं सूत्र दिलं : वाचन म्हणजे अक्षरं लावणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नव्हे, गुणाकार. एक शून्य असलं की उत्तर शून्य. 1988 मध्ये रेक्ट आणि लेस्ली यांनी 64 मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं, तेव्हा बेसबॉल कळणारी कच्ची वाचक मुलं बेसबॉल न कळणाऱ्या पक्क्या वाचकांपेक्षा सरस ठरली. 'आकलन कौशल्य' म्हणून वेगळ्या कार्यपुस्तिका विकणाऱ्यांनी यावर जरा विचार करावा.

तिसऱ्या संचात अक्षरांचा क्रम बरा होता. मात्र शेवटी एक प्रकरण होतं, मूल 'दृश्य', 'श्राव्य' की 'हालचाली' गटातलं ते ओळखा आणि त्याला तसंच शिकवा, म्हणून. हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये या कल्पनेचा पुरावा धुंडाळला आणि तो पुरेसा नाही असं लिहिलं. तेवढी पानं मैत्रिणीनं स्टेपल करून टाकली. तरी हे त्यातल्या त्यात निरुपद्रवी. डोळ्यांवर पट्टी बांधून मुलं 'मध्यमेंदू'नं वाचतात म्हणून हजारो रुपये घेणारे वर्गही चालतात. मुलाच्या नाकापाशी पट्टीखाली फट असते. ती बुजवा किंवा पुस्तक कपाळासमोर धरा, मध्यमेंदूची शक्ती लगेच मावळते.

तिसरा संच घेतला. दिवाळीनंतर तिचा फोन आला. जुनं पुस्तक काढून तिनं चित्रावर अंगठा ठेवला होता आणि त्याच मुलाला वाचायला सांगितलं होतं. त्यानं ओठ हलवले, "शिं... ग... रू," मग "शिंगरू पळालं." आणि मान वर करून विचारलं, "बाई, शिंगरू म्हणजे काय?"

तिनं अंगठा उचलला.