सालामांकाला परिषदेसाठी निघताना
(प्राध्यापक, संशोधक आणि पीएच.डी.चे विद्यार्थी असलेल्या आमच्या ग्राहकांसाठी)

तुमचा निबंध स्पेनमधल्या सालामांकाच्या परिषदेसाठी निवडला गेला असेल, तर मनापासून अभिनंदन. तिकिटाचं बोलण्याआधी एक विनंती: परिषद संपल्यावर निदान दोन रात्री तिथेच राहा. आमच्याकडे येणारे बरेच जण परिषदेपुरतं सालामांका आणि उरलेले सगळे दिवस माद्रिद-बार्सेलोना असा बेत सांगतात. शिकवणं किंवा संशोधन हेच ज्यांचं आयुष्य आहे, त्यांच्यासाठी हा बेत उलटा आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. माद्रिद पुढेमागे घरच्यांबरोबर होईल. विद्यापीठ म्हणजे काय हे जिथल्या भिंतींवर वाचता येतं, त्या गावी मात्र कामानिमित्त जाणं झालंय, तर ते नीट पाहून यावं.

विद्यापीठाचं गाव

लेओनचा राजा नववा आल्फोन्सो याने १२१८ मध्ये हे विद्यापीठ स्थापन केलं. आज चालू असलेल्या स्पॅनिश विद्यापीठांत ते सर्वात जुनं. पुढे दहाव्या आल्फोन्सोने १२५४ मध्ये सनद दिली, तीत पगारी ग्रंथपालाची तरतूद होती. जुन्या गावाला १९८८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा आहे. जवळच्या विल्यामायोरच्या खाणीतला वालुकाश्म इथे सगळीकडे वापरलेला दिसतो. खाणीतून काढल्यावर हा दगड मऊ असतो, म्हणून त्यावर बारीक कोरीव काम करता येतं. हवा लागून तो टणक होतो आणि त्यातल्या लोहामुळे सोनेरी पडतो. संध्याकाळी सहा-सातनंतरचं ऊन या भिंतींवर पडतं तेव्हा शेवटचं सत्र चालू असेल, तर आयोजकांची माफी मागून बाहेर या.

विद्यापीठाच्या मुख्य दारावरचं कोरीव काम सोळाव्या शतकातलं आहे. कवटीवर बसलेला छोटा बेडूक शोधायला तिथे कायम गर्दी असते, कारण कुणाच्या मदतीशिवाय तो दिसला तर परीक्षेत पास, अशी विद्यार्थ्यांची श्रद्धा आहे. बेडूक जरूर शोधा, पण तिथूनच मागे फिरू नका. आत फ्राय लुईस दे लेओन यांचा वर्ग जपून ठेवला आहे. बाकं म्हणजे ओबडधोबड तासलेले लाकडी ओंडके, वर्षानुवर्षांच्या वापराने गुळगुळीत झालेले, आणि समोर व्याख्यात्याचं उंच आसन. बायबलमधल्या गीतरत्नाचं लोकभाषेत भाषांतर केलं आणि लॅटिन पाठापेक्षा मूळ हिब्रू पाठ प्रमाण मानला, या आरोपांवरून इन्क्विझिशनने, म्हणजे पाखंडाचे खटले चालवणाऱ्या चर्चच्या न्यायालयाने, या प्राध्यापकांना १५७२ ते १५७६ तुरुंगात ठेवलं. सुटून आल्यावर ‘काल आपण म्हणत होतो त्याप्रमाणे...’ असं म्हणत त्यांनी व्याख्यान पुढे सुरू केलं, अशी आख्यायिका आहे. त्या बाकावर पाच मिनिटं बसून या.

याच विद्यापीठाच्या सभागृहात १२ ऑक्टोबर १९३६ रोजी, यादवी युद्ध पेटलेलं असताना, कुलगुरू आणि लेखक मिगेल दे उनामुनो बंडखोर सैन्याचा प्रमुख फ्रँको याच्या एका सेनानीसमोर उभे राहून बोलले. त्यांचे नेमके शब्द काय होते यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. पद मात्र गेलं, आणि त्याच वर्षी ३१ डिसेंबरला त्यांचं निधन झालं. त्यांचं घर आता संग्रहालय आहे, अगदी मुख्य दाराशेजारी.

पीएच.डी. करणाऱ्यांनी जुन्या कॅथेड्रलच्या आवारातलं सांता बार्बाराचं छोटं प्रार्थनागृह चुकवू नये. पदवीचा उमेदवार परीक्षेच्या आदल्या रात्री तिथे एकटा बसे, एका बिशपच्या समाधीवरच्या दगडी मूर्तीच्या पायांना आपले पाय टेकवून. सकाळी परीक्षक येत. उत्तीर्ण झालेला मोठ्या दाराने वाजतगाजत बाहेर पडे आणि नापास झालेला बाजूच्या दाराने गुपचूप, असं सांगतात. डॉक्टरेट मिळवणाऱ्याचं नाव भिंतीवर लाल रंगात रंगवत, बैलाचं रक्त घालून केलेल्या रंगात. त्या नावांवर ‘व्हीक्तोर’, म्हणजे विजेता, या शब्दातली अक्षरं एकात एक गुंफलेली खूण असते. गावात फिरताना अशी नावं जागोजागी दिसतील. तोंडी परीक्षेची धडधड ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना ती बघून वेगळं काही सांगावं लागत नाही.

अर्थशास्त्र आणि कायद्याच्या मंडळींसाठी आणखी एक. सान एस्तेबान मठातले डॉमिनिकन धर्मगुरू फ्रान्सिस्को दे व्हितोरिया याच विद्यापीठात शिकवत. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचे हक्क काय, त्यांच्याशी युद्ध न्याय्य केव्हा, हे प्रश्न त्यांनी व्याख्यानांतून मांडले. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या पायाभरणीत त्यांचं नाव घेतलं जातं. इथेच शिकवलेले मार्तीन दे आस्पिल्कुएता यांनी १५५६ मध्ये लिहिलं, की जिथे पैसा मुबलक तिथे त्याची किंमत उतरते. हे आस्पिल्कुएता गोव्याच्या संत फ्रान्सिस झेवियरचे नातलग. ज्यांचं शवदर्शन जुन्या गोव्यात आपल्यापैकी अनेकांनी घेतलं आहे, त्यांच्या घरातला हा विद्वान.

परिषदेची जागा आणि राहणं

मोठ्या परिषदा बहुधा काँग्रेस पॅलेस या परिषद-भवनात भरतात. हुआन नाव्हार्रो बाल्देवेग या वास्तुविशारदाने बांधलेली ही इमारत १९९२ मध्ये खुली झाली. मुख्य सभागृहावरचा काँक्रीटचा घुमट कडेने येणाऱ्या उजेडामुळे अधांतरी वाटतो. लहान कार्यशाळा विद्यापीठाच्या जुन्या वास्तूंमध्येही होतात. दोन्ही ठिकाणं जुन्या गावातच आहेत. प्लासा मायोर या मुख्य चौकाच्या आसपास हॉटेल घेतलं तर टॅक्सीचा प्रश्नच येत नाही, सगळं पायी. म्हणून हॉटेल थोडं महाग पडलं तरी जुन्या गावातलंच घ्या, असा आमचा आग्रह असतो. स्टेशनजवळच्या स्वस्त खोलीत वाचलेले पैसे रोजच्या पायपिटीत वसूल होतात.

ईस्टरच्या आधीचा आठवडा आणि सप्टेंबरच्या सुरुवातीची गावची जत्रा, या दिवसांत खोल्या लवकर भरतात. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात रात्री पारा शून्याखाली जातो. जुलै-ऑगस्टच्या दुपारी पस्तिशीच्या पुढे जातात, पण हवा कोरडी असते आणि रात्री गारवा असतो. मे, जून किंवा सप्टेंबरअखेर यातलं काही निवडणं तुमच्या हातात असेल, तर तेच निवडा.

माद्रिदच्या चामार्तीन स्टेशनवरून वेगवान गाडी साधारण पावणेदोन तासांत पोहोचवते. गाड्या मोजक्याच आहेत, त्यामुळे विमान उतरण्याची वेळ बघून आम्ही कधी गाडी, कधी बस सुचवतो. बसला अडीच-तीन तास लागतात, पण काही बसगाड्या थेट माद्रिद विमानतळावरून सुटतात. रात्रभर प्रवास करून दोन मोठ्या बॅगा घेऊन उतरणाऱ्याला हीच सोय बरी.

जेवणखाण

इथे शाकाहारी मंडळींना सावध करणं आमचं कर्तव्य आहे. सालामांका प्रांतातलं गिहुएलो गाव डुकराच्या खारवलेल्या मांसासाठी, म्हणजे हामोनसाठी, प्रसिद्ध आहे आणि हामोनचे तुकडे इथे कशातही सापडतात: भाजीत, सुपात, बटाट्यात. गावची खासियत असलेल्या ओर्नासो या भरलेल्या पावातही मांसच असतं. नुसतं ‘मांस नको’ म्हटलं तर हामोन चालत असेल असा समज होऊ शकतो. म्हणून ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन’ असं तिन्ही सांगा: मांस नको, मासे नकोत, हामोन नको. अंडं चालणाऱ्यांना बटाट्याचं जाड ऑम्लेट, म्हणजे तोर्तिया, कुठेही मिळतं. परिषदेच्या नोंदणी अर्जात आहाराचा रकाना असतो, तो रिकामा सोडू नका. दुपारचं जेवण दोननंतर आणि रात्रीचं नऊनंतर, ही तिथली रीत. मधुमेह असेल तर खोलीत चिवडा, दशम्या, खाकरे असं काही ठेवाच.

व्हिसा आणि बिलं

स्पेनसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. अगदी शेवटची मुदत पंधरा दिवस आधीची आहे, पण तिथवर थांबू नका, भेटीची वेळ मिळण्यातच दिवस जातात. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पानं असलेला हवा. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा. आयोजकांच्या निमंत्रणपत्रात तुमचं नाव पासपोर्टवर आहे तसंच, वडिलांच्या किंवा पतीच्या नावासकट, लिहून मागवा. वडिलांचं नाव कुठे मधे तर कुठे शेवटी, अशी आपल्या कागदपत्रांत हमखास गफलत असते आणि अर्ज तिथे अडकू शकतो. पुढे दुसऱ्या देशात जायचं असेल, तरी जास्त रात्री स्पेनमध्येच ठेवा, म्हणजे अर्ज स्पॅनिश वकिलातीकडे करणं सरळ पडतं.

महाविद्यालयाकडून किंवा अनुदानातून खर्च परत मिळणार असेल, तर बोर्डिंग पास जपून ठेवा. मोबाइलवर मिळाला असेल तर त्याचा फोटोही काढून ठेवा. हॉटेलात साधी पावती न घेता तुमचं आणि संस्थेचं नाव घातलेली ‘फाक्तुरा’ मागा. लेखा विभागाला तीच लागते, आणि परत आल्यावर ई-मेलवरून ती मिळवणं फार जिकिरीचं होतं.

आमच्याकडे येताना निमंत्रणपत्र, पासपोर्ट, रजा मंजुरीचा आदेश किंवा संस्थेचं ना-हरकत पत्र, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि परिषदेचं वेळापत्रक आणा. तुमचं सादरीकरण कोणत्या दिवशी आहे ते वेळापत्रकात खूण करून आणा. पोहोचणं त्याच्या आदल्या दिवशी सकाळी असावं, अशा हिशेबानेच आम्ही तिकीट बघतो.