आरपार दिसणारा आरसा

पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावहून खोडदकडे जाताना शेतांच्या मागून एकदम एक प्रचंड डिश डोकं वर काढते. व्यास 45 मीटर. अशा 30 डिश या भागात सुमारे 25 किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत. सगळ्या मिळून एकच रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी (जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप). प्रत्येक डिश म्हणजे आभाळातून येणाऱ्या रेडिओलहरींचा आरसा. 28 फेब्रुवारीला विज्ञान दिनानिमित्त इथे प्रदर्शन भरतं, तेव्हा शाळकरी मुलांची झुंबड उडते. डिशजवळ उभं राहून वर पाहिलं की मनात हमखास येतं, हिच्यातून तर आभाळ दिसतंय, मग हा आरसा कसला?

प्रश्न अगदी रास्त आहे. डिशला पत्रा नाहीच. आहे ती स्टेनलेस स्टीलच्या तारेची जाळी. तार जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची, भोकं 10 ते 20 मिलिमीटरची. उजेड आरपार जातो, वाराही आरपार जातो. दूरच्या आकाशगंगांतून आलेल्या रेडिओलहरी मात्र याच जाळीवरून परावर्तित होतात.

याचं उत्तर आपल्या स्वयंपाकघरातल्या ताटात आहे. नवं कोरं स्टीलचं ताट तोंडासमोर धरा, चेहरा दिसतो. तेच ताट चार-पाच वर्षं घासणीने घासलं की नुसती धूसर चकाकी उरते. ताट उजेड परत पाठवतंच आहे. किरण ज्या कोनात येतो त्याच कोनात परत फिरतो, हा नियमही ओरखड्याच्या प्रत्येक उतारावर पाळला जातो. पण प्रत्येक उताराचं तोंड वेगळीकडे, म्हणून किरणही दाही दिशांना पांगतात आणि प्रतिमा विसकटते.

मग गुळगुळीत म्हणायचं तरी कशाला? ते पृष्ठभाग एकटा ठरवत नाही. त्याच्यावर येणाऱ्या लहरीची लांबी ठरवते. खाचखळगे तरंगलांबीच्या साधारण विसाव्या हिश्श्यापेक्षा लहान असले, की लहरीच्या लेखी ते नसल्यातच जमा. हिरव्या उजेडाची तरंगलांबी सुमारे अर्धा मायक्रोमीटर. आपला केस तिच्या शंभरपट तरी जाड. म्हणून साध्या ओरखड्यानेही ताटाचा आरसा बिघडतो. अवकाशातल्या हायड्रोजनकडून येणारी रेडिओलहर मात्र 21 सेंटीमीटर लांब. तिच्या हिशेबात सेंटीमीटरभराचा खळगा किरकोळ आहे, आणि जाळीचं भोकही.

खरं काम तारेतले इलेक्ट्रॉन करतात. लहर आली की तिच्या विद्युत क्षेत्राच्या तालावर ते मागेपुढे हलू लागतात, आणि हलणारे इलेक्ट्रॉन स्वतःच लहर सोडतात. तीच आपण परावर्तित लहर म्हणून टिपतो. तारा तरंगलांबीच्या मानाने पुरेशा जवळजवळ असल्या, की सगळ्यांच्या लहरी मिळून अखंड पत्र्यावरून आल्यासारखी एकच लहर बनते. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दारातली जाळी याच कारणाने चालते: आतली लहर सुमारे 12 सेंटीमीटरची, भोकं मिलिमीटर-दोन मिलिमीटरची. भाजी फिरताना दिसते, लहर आतच राहते.

जीएमआरटी उभारणारे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोडदला याच गोष्टीचा पुरेपूर फायदा घेतला. पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर तारेचे दोर ताणले आणि त्यांना जाळी बांधली. डिश हलकी झाली, वाऱ्याचा मारा कमी झाला, खर्चही आटोक्यात राहिला. भारतीय विज्ञानातल्या सर्वांत देखण्या कल्पनांपैकी ही एक आहे, असं मला मनापासून वाटतं.

आवाजाचंही तेच. सह्याद्रीचे कडे डोळ्यांना किती ओबडधोबड दिसतात! पण माणसाच्या हाकेतल्या जाडसर सुरांची लांबी मीटरभर असते, त्यामुळे चार-पाच सेंटीमीटरच्या खाचखळग्यांची हाक फारशी पर्वा करत नाही. समोरच्या कड्याकडे तोंड करून एक हाक मारा आणि घड्याळ बघा. ती एका सेकंदाने परत आली, तर कडा तुमच्यापासून सुमारे 170 मीटरवर आहे.